खरेपणा कोणाचा?
(रामदासपेठेतील आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला ‘दोन शब्द’ बोलायला सांगितले आहे. मी एकाच शब्दावर बोलणार आहे. वकिली शिकणाऱ्या माझ्या नातीने परवा विचारले, “आजी, ‘व्हेरॅसिटी’ला मराठीत काय म्हणतात गं?” पोळी लाटता लाटता मी म्हटले, “खरेपणा.” ती म्हणाली, “कोणाचा? बोलण्याचा, की बोलणाऱ्याचा?” माझे लाटणे थांबले.

लॅटिनवरून इंग्रजीत आलेला हा शब्द. खरे बोलण्याची सवय हा त्याचा एक अर्थ, म्हणजे तो माणसाचा गुण. पण एखाद्या बातमीच्या वा जबानीच्या खरेपणालाही इंग्रजीत तोच शब्द लावतात. आपण माणसाला सत्यवचनी म्हणतो आणि गोष्टीला खरी. दोन्ही एक नव्हेत. ‘लांडगा आला रे आला’ म्हणणारा पोर खोटारडा खरा. पण शेवटच्या दिवशी लांडगा आलाच होता!

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम १४६ मध्ये हाच शब्द होता. साक्षीदाराचा खरेपणा पारखण्यासाठी उलटतपासणीत प्रश्न विचारता येत. ते योग्यच. परंतु बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून तिची साक्ष कमी लेखण्याची मुभाही त्याच कायद्याने दिली होती.

त्याचे फळ आपल्या विदर्भानेच पाहिले. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. तिचे नाव मी घेत नाही. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवले आणि आरोपी सुटले. १९७६ मध्ये आपल्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट म्हटले. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, हेही त्याचे एक कारण.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध घडल्याचे सिद्ध झाले आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असे ठरले. चारित्र्यावर बोट ठेवण्याची ती मुभा २००२ च्या दुरुस्तीने काढली. आता २०२४ पासून नवा कायदा लागू आहे. त्यातही तसे प्रश्न विचारायला मनाई आहे.

त्या मुलीला मात्र यातले काहीच मिळाले नाही. तिच्यामुळे मिळाले ते पुढच्या मुलींना.

भगिनींनो, न्यायाधीशांना बोल लावणे सोपे आहे. पण घरातली चांदीची वाटी दिसेनाशी झाली, की आपण आधी कोणाकडे पाहतो? फळीकडे, की कामाच्या बाईकडे? तीही ‘मी घेतली नाही’ असे सांगतच असते.

नातीला मी अजून उत्तर दिलेले नाही. एवढेच म्हणाले, “बाळ, आधी बोलणे ऐकून घ्यावे. बोलणारी कोण, ते मग पाहावे.”