बोटीवर जाणाऱ्याचा दाखला



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे पगारवाढीचे भाषण होणार, अशी आपली समजूत असेल. आज विषय निराळा आहे. शाळा मला फारशी लाभली नाही. इंग्रजी कायदे मी शब्दकोश जवळ ठेवून वाचतो, सावकाश वाचतो. त्यातलेच थोडे सांगतो.

आपल्या जिल्ह्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जातात. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकला रत्नागिरीकर आणि सलूनात गोवेकर, ही जुनी वाटणी. या प्रत्येकाला वैद्यकीय दाखला लागतो. तो नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या डॉक्टरनेच द्यायचा, आणि तो फार तर दोन वर्षे चालतो. दाखला नाही तर करार नाही, करार नाही तर पगार नाही.

तपासणी हवीच, यात वाद नाही. बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. काळोखात समोरची बोट कोणीकडे चालली आहे, ते त्यावरून कळते. ज्याला हे दोन रंग सारखेच भासतात, त्याला पहाऱ्यावर कसे उभे करणार? पण त्याच माणसाने बोटीच्या स्वयंपाकघरात काम केले तर कोणाचे काय बिघडते? ‘अनफिट’ हा शब्द एकटा लिहून भागत नाही. कोणत्या कामाला, आणि किती दिवस, हे पुढे लिहिले पाहिजे.

ते लिहिले जाणार नाही अशी भीती असते, म्हणून माणूस आजार लपवतो. तपासणीपूर्वी आठ दिवस मीठ सोडायचे, त्या सकाळी रक्तदाबाची गोळी जास्त घ्यायची, मधुमेहाचे नावच काढायचे नाही. घरात कर्ज असले म्हणजे शहाणपण असेच चालते. पुढे भरसमुद्रात साखर उतरली म्हणजे मालवाहू बोटीवर बहुधा डॉक्टरही नसतो.

शिकलेसवरलेलेही याला अपवाद नाहीत. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीचे विमान सहवैमानिकाने फ्रान्समधल्या डोंगरावर आदळवले. १५० माणसे गेली. डॉक्टरांनी त्याला कामावर जाऊ नकोस म्हणून लिहून दिले होते. त्या दिवसासाठी दिलेली चिठ्ठीसुद्धा घरात फाडलेली सापडली. वैमानिकाची परवानगी गेली की त्याची रोजीही जाते. त्याचे कृत्य मी झाकत नाही. पण चिठ्ठी फाडायला लावणारी भीती मला ओळखीची वाटते.

आता कायदा. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. दाखला नाकारला, किंवा कामावर मर्यादा घातली, तर दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क त्यात आहे. तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत रक्तदाब १६०/१०० च्या वर असेल तर ‘तात्पुरता अनफिट’ म्हटले आहे, म्हणजे उपचार होऊन तो उतरेपर्यंत. मधुमेहालाही सरसकट दार बंद नाही. इन्सुलिन घेणाऱ्यासाठीसुद्धा, साखर स्थिर असेल तर, किनाऱ्याजवळच्या मर्यादित कामाची वाट ठेवलेली आहे. उपचाराच्या त्या महिन्यांत घर कोणी चालवायचे, हे मात्र या सूचनांत नाही. ते मालकांकडून मिळवायचे आहे. पाहा, शेवटी पगाराचे निघालेच!

ज्यांच्या घरी असा नकाराचा कागद आला असेल त्यांनी तो फेकू नये. उद्या सकाळी युनियनच्या कचेरीत घेऊन यावा. त्यावर मुदत आणि कारण लिहिले आहे की नाही, ते आधी पाहू.