मुलाखतीचा धसका आणि ओळखीचे भांडवल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या तरुणाला घरातली वडीलधारी माणसे एकच उपदेश करतात : घाबरू नकोस. उपदेश सद्हेतूचा असतो. पण त्याने भीती तसूभरही कमी होत नाही. पहाटेच्या एस.टी.ने शहरात उतरलेला, स्टँडवरच्या नळावर तोंड धुऊन पिशवीतला इस्त्रीचा सदरा अंगावर चढवलेला आणि कचेरीच्या बाकावर अवघडून बसलेला पदवीधर घाबरतो, याचे कारण त्याच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. दाराआड काय विचारतात, उत्तर येत नसेल तर काय म्हणावे, पगाराची अपेक्षा किती सांगावी, यातले काहीही त्याला कोणी कधी सांगितलेले नसते. शेजारच्या उमेदवाराला हेच सारे काका-मामांच्या गप्पांतून घरबसल्या कळलेले असते. एकाच्या माहितीला आत्मविश्वास म्हणावयाचे आणि दुसऱ्याच्या अज्ञानाला न्यूनगंड, अशी ही सोयीची परिभाषा आहे. वस्तुत: आत्मविश्वास हा बव्हंशी वारसाहक्काने मिळणाऱ्या मालमत्तेसारखा आहे, आणि मालमत्तेच्या वाटपाविषयी समाजवाद्यांनी मौन पाळण्याचे कारण नाही.

ओळखीने नोकरी मिळणे ही काही आजची रीत नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हाती असे. कोकणातून वा घाटावरून आलेला माणूस आधी गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकी, खानावळीत उधारीवर जेवी, आणि गाववाल्याने जॉबरच्या कानावर घातले म्हणजे बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात उभा राही. जॉबरची दस्तुरी वेगळी. भरतीची आणि कामावरून काढण्याची सत्ता जॉबरकडे ठेवू नये, अशी शिफारस व्हिटले कमिशनने १९३१ साली केली. गावकऱ्यांच्या त्या खोलीने असंख्य निराधारांना आसरा दिला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्याच नातेसंबंधांनी काहींच्या तोंडावर दारेही लावली. विणखात्यात मजुरी अधिक होती. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना तेथे शिरकाव नव्हता. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, तेव्हा कामगारांच्या ऐक्यावर बोलणाऱ्या पुढाऱ्यांची अडचण झाली. ती अडचण अद्याप पुरती संपलेली नाही.

मूळचे अमरावती जिल्ह्यातील अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांचे सहकारी पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवण्यात आले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश निघाले, तर मुस्लीम नावाच्या अर्जाचे सुमारे एक तृतीयांश. येथे मुलाखतीतल्या आत्मविश्वासाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण माणूस दारापर्यंत पोहोचलेलाच नाही. व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग चालवून भरभक्कम फी घेणारे हा भाग शिकवीत नाहीत.

दारातून आत गेल्यावरही तोलण्याचा काटा सरळ असतोच असे नाही. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशात लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी परीक्षेला ५० गुण होते. दोन-तीन मिनिटांच्या संभाषणावर हे ५० गुण वाटले गेले. अजय हासिया खटल्यात, १९८१ साली, सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रवेशात तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून अधिक वजन देणे मनमानीचे ठरवले. पुढे १९८५ मध्ये हरियाणातील नोकरभरतीच्या खटल्यातही न्यायालयाने मुलाखतीचे गुण कमी करावयास लावले. केंद्र सरकारने कनिष्ठ श्रेणीच्या पदांसाठीची मुलाखत १ जानेवारी २०१६पासून बंद केली. सरकार कोणाचेही असो, निर्णय योग्य होता. मात्र खाजगी क्षेत्राला यातले काहीच लागू नाही, आणि आजचा बहुसंख्य तरुण नोकरी मागावयास तेथेच जातो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावे काय? सुरुवात एका नैतिक गोंधळापासून केली पाहिजे, कारण तो आपल्याच घरातला आहे. चळवळीच्या संस्कारात वाढलेली मुले ओळखीच्या माणसाकडे नोकरीविषयी शब्दही काढीत नाहीत. त्यांना तो वशिला वाटतो. वशिला आणि विचारपूस यांत फरक आहे. निवड करणाऱ्याच्या मनगटाला हात लावून पारडे झुकवणे हा वशिला. जागा कोठे निघाली, काम नेमके काय असते, मागच्या वेळी काय विचारले, हे जाणून घेणे ही विचारपूस. पहिल्याने दुसऱ्याचा हक्क बुडतो. दुसरीने, फार तर, आजवर मूठभरांकडे असलेली माहिती आणखी एकाकडे जाते. हा फरक न उमगल्यामुळे प्रामाणिक मुलगा गप्प बसतो, आणि ज्याच्या घरातच साहेब बसला आहे त्याला विचारण्याची गरजच पडत नाही.

विचारावे कोणाला, याचे उत्तर अनपेक्षित आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातील नोकरदारांचा अभ्यास करून १९७३ साली दाखवले की, ओळखीतून ज्यांना नोकरी लागली त्यांपैकी फार थोड्यांना ती जिवलगांमार्फत लागली होती. बहुतेकांना खबर दिली ती क्वचित भेटणाऱ्या माणसांनी. कारण साधे आहे : जिवलग मित्राला जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. म्हणून जुना वर्गबंधू, शिबिरात एकदा भेटलेला बँक कर्मचारी, दुसऱ्या तालुक्यातली ग्रंथपाल बाई, यांना साधे पत्र लिहिण्याचा संकोच सोडावयास हवा. आपल्या वाचनालयांतून, युनियनच्या कचेऱ्यांतून, निवृत्त शिक्षकांच्या कट्ट्यावर अशा ओळखी विपुल आहेत. त्या केवळ निवडणुकीपुरत्या जाग्या होतात, हे दुर्दैव.

दुसरे काम सरावाचे. टेबलामागे तीन माणसे बसवावीत; त्यांपैकी निदान एक उमेदवाराला अनोळखी असावा. दार ठोठावण्यापासून सारे करून घ्यावे. प्रथम हसू येते. तिसऱ्या खेपेस येत नाही. "आजवर काय केलेस?" या प्रश्नाला खेड्यातला मुलगा "काही नाही" म्हणतो. त्याने दूध सोसायटीचे हिशेब दोन वर्षे लिहिलेले असतात, दुष्काळात चारा छावणीवर जनावरांची नोंद ठेवलेली असते, आजारी बापाची तालुक्याच्या कचेरीतली सारी कागदपत्रे एकट्याने निस्तरलेली असतात. हे काम होते, हे त्याला प्रथम पटवावे लागते. सांगण्याची रीत त्यानंतर. माहीत नसेल तेथे "माहीत नाही" असे सरळ म्हणण्याचाही सराव लागतो, आणि तो इंग्रजीच्या सरावाहून कठीण आहे. लोकसेवा आयोगाची मुलाखत मराठीतून देता येते, हेही पुष्कळांना सांगावे लागते.

मुलींना वेगळ्याच प्रश्नाला तोंड द्यावे लागते : लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का? या प्रश्नाचे उत्तर शांतपणे, एका वाक्यात, कामाशी जोडून द्यावे. पण तो विचारणाऱ्याला जाब विचारण्याचे काम मुलीवर न टाकता संघटनेने करावे. "वडील काय करतात?" या प्रश्नाचेही तसेच. वरवर आपुलकीचा दिसणारा हा प्रश्न पुष्कळदा जात आणि ऐपत मोजण्यासाठी असतो.

येथे जमलेल्यांपैकी कित्येकजण स्वत: सहकारी संस्थांच्या, शाळांच्या निवड समित्यांवर टेबलाच्या पलीकडे बसतात. तेथे आपले वर्तन कसे असते? सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, आधी लिहून ठेवलेले. प्रत्येक सदस्याचे गुण आपसात बोलण्यापूर्वी कागदावर. चुणचुणीतपणाला वेगळे गुण नाहीत. एवढे नियम पाळावयास कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि एक वही. अभ्यासिकेच्या टेबलावर ती उघडी असावी. जो कोणी मुलाखत देऊन येईल त्याने त्याच संध्याकाळी, निकालाची वाट न पाहता, कोणती जागा, किती वेळ बसवले, काय काय विचारले, कोठे अडलो, हे तीत लिहावे. नापास झालेल्याने तर अवश्य लिहावे. पुढच्या आठवड्यात त्याच कचेरीच्या बाकावर जाऊन बसणाऱ्याला त्याचे पान अधिक उपयोगी पडेल.