भांडण म्हणजे फाईट नव्हे
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘इंग्रजीची भीती कशी गेली’ यावर बोल, असं मला सांगितलंय. खरं सांगायचं तर भीती गेलेली नाही. म्हणून तिच्या एका कोपऱ्याबद्दलच बोलते: भांडणतंटा, दंगा, गोंधळ यांचे इंग्रजी शब्द.

आपल्या वेळी मराठी माध्यमात इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासूनचं इंग्रजी २००० साली आलं, तोवर आपण शाळा सोडली होती. पण एबीसीडीच्या आधीच दोन इंग्रजी शब्द आपल्याला पक्के येत होते. एक ‘जेल’, कारण हर्सूलचे म्हटलं की समोरचा हसून तेच विचारायचा. दुसरा ‘कर्फ्यू’. शहरात कर्फ्यू लागला की शाळा नाही, म्हणून आपण खूश, आणि घरातली मोठी माणसं मात्र रेडिओला कान लावून. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलाय, त्याचा मूळ अर्थ ‘विस्तव झाका’. रात्री घंटा झाली की आगीच्या भीतीने घरोघरचा विस्तव झाकायचा. हे मला चाळिशीत कळलं आणि आजी आठवली. ती रोज निजण्याआधी निखाऱ्यांवर राख ओढायची. आमच्याकडे तर रोजच कर्फ्यू!

आता ज्यासाठी हे सगळं सांगतेय ती गोष्ट. इंजिनिअरिंग करून मी पुण्यात नोकरीला लागले होते. टीममधल्या दोन मुलांचं तारीख कशी लिहायची यावरून वाजलं, आधी दिवस की आधी महिना. आवाज चढले, एक जण जेवायला न येता बसून राहिला, एवढंच. काम एक दिवस मागे पडलं. परदेशातल्या साहेबांना कारण कळवायचं होतं. मी मेलमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं, ‘टू ऑफ अवर बॉईज हॅड अ फाईट.’

तासाभरात उत्तर आलं: कोणाला लागलं का? पोलिसांना कळवलं का? मग चौकशी बसली. मी पुन्हा पुन्हा सांगत होते की तसं काही नव्हतं, पण माझा लेखी शब्द त्यांच्या हातात होता. त्यातल्या धाकट्या मुलाला तीन आठवडे प्रोजेक्टवरून बाजूला ठेवलं. तो परभणीकडचा, घरातला पहिला नोकरदार. मला म्हणाला, “ताई, मी तर टेबलावर हातसुद्धा आपटला नव्हता.” त्याचं हे वाक्य अजून माझ्या कानात आहे.

त्या रात्री आठवीतली निबंधाची वही आठवली. मी लिहिलं होतं, ‘माय मदर फाईट्स विथ मी.’ सरांनी लाल शाईने फाईटखाली रेघ मारून मराठीत विचारलं होतं, ‘कोण जिंकलं?’ सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि तिथेच विसरले. सर, तुम्ही वेळेवर सांगितलं होतं.

मग मी एक वही केली. डावीकडे आपले शब्द, उजवीकडे त्यांचे. बाचाबाचीला ‘आल्टरकेशन’, झटापटीला ‘स्कफल’, हाणामारीला ‘ब्रॉल’, चकमकीला ‘स्कर्मिश’. करताना कळलं की आपल्याकडे शब्दांची कमी नव्हतीच. चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा बाचाबाची आणि हाणामारी यांत गल्लत करत नाही. इंग्रजीत शिरताना मात्र मी सगळी उतरंड घरी ठेवून एकच ‘फाईट’ घेऊन निघाले होते.

कायदा तर माणसं मोजतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ‘रायट’साठी किमान पाच जण लागत, दोघे जण सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता बिघडवत असतील तर तो ‘अफ्रे’. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी ही मोजणी तशीच आहे.

आणि शब्द कोण वापरतो, हेही बघावं लागतं. १८५७ मध्ये आपल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातले शिपाई उठले. इंग्रजांच्या कागदांत ती ‘म्युटिनी’. आपण रोज ज्या चौकातून वळतो त्याचं नाव क्रांती चौक. ‘लूट’ हा शब्द तर इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलला, तोही परत न करता!

वहीत सर्वांत अडले ते ‘गोंधळा’पाशी. शब्दकोश ‘पँडेमोनियम’ सुचवतो. तो शब्द मिल्टनने १६६७ च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये घडवला, नरकातल्या राजधानीचं नाव म्हणून, सगळ्या भुताखेतांचं ठिकाण. आणि आपल्याकडे? लग्न झालं की देवीचा गोंधळ घालतात, संबळ वाजतो. हर्सूलच्या देवीच्या पायाशी वाढलेल्या मुलीने त्यापुढे पँडेमोनियम कसं लिहावं? मी दोन ओळी केल्या. वर्गातल्या गोंधळासाठी एक, देवीच्या गोंधळासमोर जागा कोरी.

तो परभणीचा मुलगा आता स्वतः टीम सांभाळतो. वर्षातून एकदा तरी त्याचा फोन येतो, “ताई, ह्याला इंग्रजीत काय लिहू?” मागच्या वेळी त्याने ‘राडा’ विचारला. मला आला नाही. वही बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे. सर, बाई, मित्रमैत्रिणींनो, जेवायला जाताना कोणाला सुचलं तर लिहून जा.