चरताना वर उचललेली मान



भोपाळात रानाविषयी मराठीतून बोलायचं तर हरिभाऊ वाकणकरांचं नाव आधी घ्यायला हवं. १९५७ साली भोपाळ-इटारसी मार्गावरच्या गाडीतून जाताना डॉ. विष्णु श्रीधर ऊर्फ हरिभाऊ वाकणकरांना दूरवरचे खडक दिसले आणि त्यातून भीमबेटकाची चित्रं जगापुढे आली. ते खडक ज्या रानात आहेत त्या रातापानीला डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि वाकणकरांचंच नाव देण्यात आलं. तिथे एका खडकावर तांबड्या रंगात एक अवाढव्य शिंगाळं जनावर काढलेलं आहे, बरंचसं रानडुकरासारखं, आणि त्याच्यापुढे जीव घेऊन पळणारा एक छोटा माणूस. शिकारीची चित्रं भीमबेटकाला पुष्कळ आहेत. मला हे चित्र त्या सगळ्यांहून मोलाचं वाटतं. पोटासाठी बाहेर पडायचं, तर आपणच कुणाच्या तरी पोटात जाऊ शकतो, हे ते काढणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आज मला बोलायचं आहे ते याच भीतीबद्दल. वन्य प्राणी कुठे चरतो, कधी चरतो, किती वेळ चरतो आणि भरल्या ताटावरून कधी उठतो, हे चाऱ्याइतकंच भीती ठरवते. आपल्या देशातल्या जंगलांची चर्चा मात्र आकड्यांवर थांबते. २०२२ च्या गणनेत मध्य प्रदेशात ७८५ वाघ निघाले, महाराष्ट्रात ४४४. हे आकडे आवश्यकच आहेत. पण त्या वाघांमुळे एखादं चितळ कोणत्या नाल्यात उतरायचं टाळतं, हे कोणत्याही गणनेत येत नाही, आणि जंगल चालतं ते अशाच लहान लहान निर्णयांवर.

कान्हाच्या मैदानात चितळांचा कळप चरताना पाहा. चार घास घेतले की मान वर येते, कान फिरतात, नाक वाऱ्याला लागतं, मग पुन्हा मान खाली. मान जितका वेळ वर, तितका चारा कमी. कळप मोठा असला की पहारा वाटला जातो आणि प्रत्येकाला जरा निवांत खाता येतं. पण कळप वाढला की त्याच गवतावर तोंडंही वाढतात. जॉर्ज शेल्लर यांनी १९६० च्या दशकात कान्हात राहून हरणांचा आणि वाघाचा अभ्यास केला, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६७ साली आलं. त्या कामानंतर वाघाला त्याच्या भक्ष्यापासून वेगळं काढून पाहणं अवघड झालं. एकाच जंगलात चितळ कळपाच्या डोळ्यांवर विसंबतं. सांबर दाट झाडोऱ्यात, एकट्यादुकट्याने, बहुधा रात्री चरतं. चौशिंगा लपून राहतो. काळवीट आडोसाच नको म्हणतं आणि जिथून लांडगा लांबूनच दिसेल अशा उघड्या माळावर राहतं. भीती प्रत्येकाला आहे, तिच्यावरचा तोडगा ज्याचा त्याचा वेगळा.

वानर आणि चितळ यांची सोबत तर मध्य भारतातल्या प्रत्येक वनरक्षकाने पाहिलेली असते. वानर झाडावर बसून पानं, फुलं, फळं अर्धवट खाऊन खाली टाकतं. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असताना चितळाला तो ओला चारा आयता मिळतो. वानराला उंचीवरून दूरचं दिसतं, चितळाचं नाक आणि कान तीक्ष्ण. पॉल न्यूटन यांनी कान्हातल्या या सोबतीवर १९८९ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. वानराचा खाकरा आणि चितळाची शीळ ऐकून आपले गाईड जिप्सी वळवतात, तेव्हा तेही याच जुन्या टेहळणीवर विसंबलेले असतात.

भीती मोजायची कशी, हा पुढचा प्रश्न. जोएल ब्राउन यांनी १९८८ साली त्याची एक साधी रीत मांडली, आणि मी ती इथे मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण तिला पैसा लागत नाही. पसरट भांड्यात वाळू घ्यायची आणि मोजलेलं बी तीत मिसळायचं. रात्री उंदीर येतात, वाळू उकरून बी खातात. सुरुवातीला बी भराभर सापडतं, नंतर शोधायला वेळ लागू लागतो. एक क्षण असा येतो की आणखी थांबण्यात जितकं पोटात जाईल त्याहून जिवाची जोखीम जास्त ठरते. उंदीर निघून जातो. सकाळी उरलेलं बी मोजायचं. जिथे जास्त उरलं, तिथे भीती जास्त. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात अशा प्रयोगांत दिसलं की घुबडाच्या धाकाने उंदीर उघड्यावरचं बी लवकर सोडून झुडपाखाली जातात, आणि चांदण्या रात्री बाहेर पडणंच कमी करतात. भांडी निरनिराळ्या जागी ठेवत गेलं की त्या रानाचा भीतीचा नकाशा हाती येतो.

भीतीच्या नकाशाच्या याच कल्पनेला अमेरिकेतल्या यलोस्टोनमधून प्रसिद्धी मिळाली. तिथे १९९५ साली लांडगे परत सोडले आणि २००१ साली जॉन लाँड्रे व सहकाऱ्यांनी दाखवलं की लांडगे आल्यावर एल्क या हरणांच्या पिलंवाल्या माद्या पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वेळ मान वर करून उभ्या राहू लागल्या. पुढे लांडग्यांच्या भीतीने झाडं वाढली, नद्या सुधारल्या, इथपर्यंत ती कहाणी गेली. त्या शेवटच्या भागावर शास्त्रज्ञांत गंभीर मतभेद आहेत. झाडं वाढली तिथे भीती किती कारणीभूत आणि एल्कांची घटलेली संख्या किती, हे अजून सुटलेलं नाही. म्हणून ती कहाणी जशीच्या तशी सातपुड्याला लावू नका, असं मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो. आपल्याकडे वाघ आणि बिबट्या दबा धरून मारतात, त्यामुळे धोका पाणवठ्याला, नाल्याला, उंच गवताला चिकटलेला असतो. रानकुत्रे दिवसाउजेडी पळवून मारतात, त्यांचा धोका कोणत्याही एका जागेला बांधलेला नाही. वाघापासून वाचायला उघड्यावर यावं तर तिथे रानकुत्रे गाठतील. शिवाय आपल्या रानात गुरं आहेत, वणवे आहेत, मोह वेचणारी माणसं आहेत. आपला नकाशा आपल्यालाच काढावा लागेल.

भीतीने केवळ पोट रिकामं राहतं असंही नाही. लियाना झानेट यांच्या गटाने कॅनडात साँग स्पॅरो या चिमण्यांची घरटी जाळ्यांनी आणि विजेच्या कुंपणांनी सुरक्षित केली आणि आसपास शिकारी प्राण्यांचे नुसते आवाज वाजवले. एकही पक्षी शिकाऱ्याच्या तोंडी गेला नाही, तरीही त्या हंगामात पिलं ४० टक्क्यांनी कमी झाली. हा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. याच झानेट यांनी नंतर दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरच्या पाणवठ्यांवर सिंहाचे आवाज आणि माणसांच्या साध्या बोलण्याचे आवाज वाजवून पाहिले. माणसाचा आवाज ऐकून प्राणी पळण्याची शक्यता सिंहाच्या आवाजापेक्षा दुप्पट निघाली. २०१८ साली केटलिन गेनर आणि सहकाऱ्यांनी सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्राण्यांवरची माहिती एकत्र केली, तर माणसाच्या वावरामुळे प्राणी दिवस सोडून रात्रीकडे सरकत असल्याचं दिसलं. आणि गंमत नव्हे, गांभीर्याने सांगतो, कान्हा-पेंचमध्ये रात्री हीच चितळं वनविश्रामगृहाच्या अंगणाजवळ येऊन बसतात, कारण वाघ माणसाला टाळतो. धाकही माणसाचा आणि आसराही त्याचाच.

आता विदर्भात येतो, कारण हा विषय शेतकऱ्याच्या बांधावर जितका जिवंत आहे तितका प्रयोगशाळेत नाही. हरभरा, तूर, धान हा जंगलातल्या चाऱ्याहून कितीतरी पौष्टिक घास आहे. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर त्यासाठी जोखीम पत्करतात. शेतकरी जागलीला जातो, मचाणावर बसतो, डबे वाजवतो, टेंभे पेटवतो. म्हणजे त्या रात्रीपुरता तोच शिकारी प्राण्याची जागा घेतो. बुजगावणं हलत नाही, फटाका मारत नाही, हे जनावर काही रात्रींत शिकतं. ज्या भीतीमागे खरा धोका नाही ती टिकत नाही. आणि जिथे जागल कडक, तिथून कळप शेजारच्या शिवारात जातो. एकाची राखण दुसऱ्याचं नुकसान होते. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबाच्या पश्चिम सीमेवरच्या गावांत पिकांचं नुकसान काटेकोरपणे मोजून २०१६ साली प्रसिद्ध केलं. अशा कामाची प्रत्येक अभयारण्याच्या कडेला गरज आहे. नुकसानभरपाई वेळेवर आणि खऱ्या नुकसानाइतकी मिळाली नाही, तर शेतकरी कुंपणाच्या तारेत वीज सोडतो, आणि त्या तारेत डुकरामागून वाघही मरतो.

याहून कठीण गोष्ट तेंदूच्या हंगामाची आहे. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. पानं तोडताना वाकावं लागतं, नजर झुडपात असते. मजुरी पुड्यांवर मिळते, म्हणून सगळ्याजणी एकत्र राहिल्या तर प्रत्येकीला पानं कमी मिळतात. पांगल्या तर पुडे वाढतात आणि जोखीमही. चितळाच्या कळपाबद्दल आपण जे मांडतो, तेच गणित ती बाई रोज पहाटे जिवावर सोडवते. तिला ते सोडवायला लावणं हा आपला अपराध आहे. हंगामात गटाबरोबर टेहळणीला माणूस देणं आणि त्याची रोजी संकलनाच्या खर्चात धरणं, हे आजच्या आज करता येण्यासारखं आहे.

मारुती चितमपल्लींना जाऊन फार काळ झालेला नाही. वनखात्यातली नोकरी करताना त्यांनी नवेगाव आणि नागझिऱ्यात वर्षानुवर्षं नोंदी केल्या, आदिवासींकडून ऐकून लिहून ठेवल्या, आणि २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्राणी काय करतो हे बसून पाहायची ती सवय आपण सोडत चाललो आहोत. कॅमेरा ट्रॅप वाघाचे पट्टे ओळखून देतो, पण पाणवठ्यावर आलेल्या सांबराने किती वेळा मान वर केली, हे त्या चित्रांतून वाचायला आपण कुणाला नेमलेलं नाही.

भोपाळकर अभ्यासकांनो, हे काम करायला तुमच्याइतकी चांगली जागा देशात क्वचितच कुणाला मिळाली असेल. मोठ्या तलावाच्या काठी वनविहार आहे, साडेचार चौरस किलोमीटरच्या आतलं राष्ट्रीय उद्यान. तिथे चितळ, सांबर, नीलगाय मोकळे आहेत आणि वाघ आवारात बंद. शहराच्या दुसऱ्या कडेला केरवा आणि कलियासोतच्या टेकड्यांत वाघ मोकळे फिरतात. त्यापलीकडे रातापानी आहे, जिथून जाणाऱ्या लोहमार्गावर वाघ आणि बिबटे रेल्वेखाली सापडले आहेत. मोकळ्या वाघाची भीती नसलेलं, असलेलं, आणि माणसाच्या भीतीने व्यापलेलं, अशी तिन्ही रानं एका दिवसात पाहून होतात. येत्या हिवाळ्यात या तिन्ही जागी वाळूची भांडी ठेवा, पाणवठ्यांवर बसा, माना मोजा, आणि नोंदी मराठीत, हिंदीत, जमेल त्या भाषेत छापा.

आणि भोपाळच्या नागरिकांना एक विनंती. अंधार पडल्यावर केरवा-कलियासोतच्या रस्त्यांवर प्रखर दिवे आणि भोंगे घेऊन वाघ बघायला जाऊ नका. वनखात्याने आणि महानगरपालिकेने मिळून त्या रस्त्यांवरची रात्रीची अनावश्यक वाहतूक थांबवावी, असा ठराव या संमेलनाने करावा, ही अध्यक्ष म्हणून माझी सूचना आहे.