कलेचा व्यवसाय आणि सवयींची शिस्त

(हीरकमहोत्सवानिमित्त आयोजित पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मुलाने चित्रकार होण्याचा मानस व्यक्त केला की घरात पहिला प्रश्न उमटतो तो पोटापाण्याचा. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र हाताच्या कौशल्याइतकेच अंगी बाणलेल्या सवयींवर अवलंबून असते. स्टीफन कव्ही यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात प्रभावी माणसाच्या सात सवयी सांगितल्या. त्यांतील तीन सवयींच्या आधारे राजा रविवर्मा यांचा व्यवसाय पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिली सवय, अंतिम उद्दिष्ट आधी निश्चित करण्याची. रविवर्म्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांसाठी १४ पौराणिक चित्रे रंगविली. पण राजवाड्यातील चित्र सामान्यांच्या देवघरापर्यंत पोहोचावे, या हेतूने १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळाप्रेस उभारला. तेथे प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा तयार करून एकावर एक ठसे उमटवीत. हेतू स्पष्ट होता, म्हणून लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघरी गेली.

दुसरी सवय, परस्परांच्या गुणांची जोड घालण्याची. रविवर्म्यांचे धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा स्वतः चित्रकार होते. ते प्रवासात सोबत राहत, कामात साहाय्य करीत आणि रोजनिशी लिहीत. दोघांच्या कामाचा वृत्तान्त त्या रोजनिशीमुळेच आज उपलब्ध आहे.

तिसरी सवय, महत्त्वाच्या कामाला अग्रक्रम देण्याची. येथेच कलावंताची खरी परीक्षा असते. प्लेगच्या काळात छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवावा लागला; कर्ज वाढत गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो जर्मन तंत्रज्ञ फ्रित्झ श्लायशर यांना विकावा लागला. चित्रांना मागणी असूनही छापखाना मालकाच्या हाती उरला नाही. साथ कोणाच्याही हाती नसते. भांडवल, उधारी आणि खर्च यांवरची नजर मात्र आपल्या हाती असते.

आजच्या तरुण कलावंतानेही आठवड्यातील एक ठरावीक वेळ जमाखर्चासाठी राखावी. चित्राची किंमत ठरविताना रंग, कॅनव्हास व चौकटीबरोबर स्वतःच्या श्रमाचे तासही मोजावेत. करार लेखी करावा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा प्रताधिकार, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. ही एक ओळ वेळीच लिहून घेतली नाही, तर पुढे त्याच चित्राच्या प्रती छापण्याचा हक्क चित्रकाराला उरत नाही.

हिशेबाने कला कोमेजत नाही. उद्याच्या भाड्याची विवंचना मिटलेला हातच कॅनव्हासवर निर्धास्त फिरतो. म्हणून पालकांनी मुलांना रंगपेटी अवश्य द्यावी आणि तिच्यासोबत जमाखर्चाची एक वहीही द्यावी, एवढीच विनंती.