गोलंदाजाचे भाकीत



आजचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पगार, बोनस आणि ठेकेदारी यांवरून भांडणाऱ्या माणसाने क्रिकेटच्या गोलंदाजांवर काय बोलावे, ही शंका रास्त आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे थोडेफार शिकलो ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. क्रिकेट खेळलो तेही शाळेमागच्या पडीत, फळीच्या बॅटने. परंतु भाकीत करणारी माणसे आम्ही आयुष्यभर जवळून पाहिली आहेत, आणि त्याच अधिकारावर आज उभे आहोत.

कारखान्याच्या गेटवर सकाळी रोजंदारीची माणसे उभी राहतात. ठेकेदाराचा मुकादम येतो, रांगेवरून नजर फिरवतो, दहांना आत घेतो आणि चाळिसांना परत लावतो. असा एक मुकादम आम्हांला अभिमानाने म्हणाला होता, “माझा अंदाज चुकत नाही.” आम्ही त्याला म्हणालो, बाबा, तो चुकला हे कळणार तरी कसे? ज्याला तू आत घेतलेच नाहीस तो चांगला कामगार निघाला असता की नाही, हे तपासायला तुझ्यापाशी साधनच नाही. आत घेतलेल्यांतले जे टिकले ते तुझ्या नावावर जमा, आणि बाहेर राहिलेले कुणाच्याच वहीत नाहीत.

गोलंदाज निवडण्याचे काम बरेचसे असेच चालते. आजचा प्रश्न एवढाच : कन्नड तालुक्यातली चौदा-पंधरा वर्षांची जी पोरे आज जोरात चेंडू टाकतात, त्यांतले कोण उद्या महाराष्ट्राच्या रणजी संघापर्यंत पोहोचेल, हे आधी सांगता येते काय?

प्रथम ती पायरी किती उंच आहे ते पाहू. रणजी स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली. प्रो. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने ती १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. मुंबई आणि विदर्भ यांचे संघ वेगळे. आपला जिल्हा येतो तो पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या छत्राखाली. म्हणजे कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, पुणे आणि सारा मराठवाडा मिळून संघ एक, आणि त्यात गोलंदाजांच्या जागा चार-पाच. २०२१ साली ठरलेल्या दराने वीसपर्यंत सामने खेळलेल्या रणजी खेळाडूला दिवसाला ४० हजार रुपये मिळू लागले. साखळी सामना चार दिवसांचा. मुकादमाची उचल फेडण्यात ज्या घराचे हंगामामागून हंगाम जातात, त्या घराला हा आकडा काय वाटत असेल, ते तुम्हीच ताडा. म्हणूनच ‘तुमचा पोरगा पोहोचेल’ हे वाक्य फार जपून उच्चारावे लागते.

आता भाकिताच्या आपल्या मोजपट्ट्या पाहू. पहिली पट्टी वेगाची. चौदाव्या वर्षी जो सर्वांत जोरात टाकतो तो हिरा, असे आपण धरतो. पण त्या वयात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून पोरसवदा असतो. दोघांची हाडे सारख्या वयाची नसतात. त्यात आपल्याकडची जन्मतारीख! गावच्या शाळेचे रजिस्टर उघडा, वर्गातल्या कितीतरी पोरांचा जन्म १ जूनला झालेला दिसेल. गुरुजींनी शाळा उघडण्याच्या सोयीने तारीख टाकली, आणि पोर जन्मभर ती वागवते. क्रिकेट मंडळ वयोगटासाठी १ सप्टेंबर ही तारीख धरते. त्यामुळे मागे-पुढे लिहिलेल्या एका तारखेने पोरगा एका गटातून दुसऱ्या गटात जातो. २०१२ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवण्याची पद्धत मंडळाने आणली. कागद खोटा ठरवायला हाड साक्षीला बोलवावे लागले, यावरून काय ते समजावे. तात्पर्य, चौदाव्या वर्षीचा वेग हा पुष्कळदा लवकर आलेल्या वयाचा वेग असतो. मागून वाढणारा पोरगा तोवर घरी बसलेला असतो.

दुसरी पट्टी बळींची. आपल्याकडच्या गावोगावच्या स्पर्धा टेनिसच्या चेंडूवर होतात. त्या चेंडूचे वजन साठ ग्रॅमच्या आत. काही ठिकाणी जड टेनिस चेंडू वापरतात, तो यापेक्षा भारी असतो खरा, पण शिवण त्यालाही नसते. कातडी चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, आणि त्याला शिवण असते. ती शिवण धरणे, ती उभी ठेवून चेंडू टप्प्यावर पाडणे, नवा चेंडू आणि जुना चेंडू यांतला फरक ओळखणे, ही विद्या टेनिस चेंडूवर येत नाही. आठ षटकांच्या सामन्यात ढगात मारणाऱ्या फलंदाजाचे चार बळी घेतले, याने चार दिवसांच्या सामन्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

तिसरी पट्टी जाणकाराच्या नजरेची. ही पट्टी आम्ही टाकाऊ मानत नाही. १९८७ साली मद्रासला एम.आर.एफ. पेस फाउंडेशन सुरू झाले आणि ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली तिथे शिकवू लागले. मुंबईचा एक शाळकरी मुलगा वेगवान गोलंदाज व्हायला तिथे गेला. लिलींनी त्याला, तू फलंदाजीकडेच लक्ष दे, असे सांगून परत पाठवले. तो सचिन तेंडुलकर. तेव्हा नजर खरी ठरते. पण ‘हे याचे काम नव्हे’ हे सांगण्यात ती जितकी खरी ठरते, तितकी ‘हा नक्की पोहोचेल’ हे सांगण्यात ठरत नाही.

कुणी म्हणेल, आपल्याकडे पैसा नाही, यंत्रे नाहीत, म्हणून अंदाज चुकतात. तर मग ज्यांच्यापाशी दोन्ही आहे त्या अमेरिकेकडे पाहू. तिथला खेळ बेसबॉल. त्यात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. मोठ्या संघांच्या हाताखाली शिकाऊ संघांची उतरंड असते, आणि तिच्या सर्वांत वरच्या पायरीला ट्रिपल-ए हे नाव आहे. कोणता तरुण पिचर त्या पायरीपर्यंत जाईल, याची भाकिते दरवर्षी तिथे छापली जातात. प्रत्येक फेकीचा वेग आणि फिरकी मोजून ठेवलेली असते. एवढे करून काय होते? १९९१ साली न्यूयॉर्क यांकीज संघाने देशातली पहिली निवड म्हणून ब्रायन टेलर या तरुण पिचरला साडेपंधरा लाख डॉलर देऊन घेतले. १९९३ च्या डिसेंबरात एका मारामारीत त्याचा खांदा निकामी झाला, आणि तो ट्रिपल-एची पायरी कधी चढलाच नाही. उलट १९९८ साली मार्क बर्ली हा पिचर अडतिसाव्या फेरीत निवडला गेला, म्हणजे शेकड्यांनी नावे पुकारून झाल्यावर. त्याने पुढे मोठ्या संघांत २१४ सामने जिंकले.

आणखी एक उदाहरण आपल्या देशाशी जोडलेले आहे. २००८ साली अमेरिकनांनी भारतात जोरात चेंडू फेकणाऱ्यांची स्पर्धा घेतली. तीतून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोन तरुण पिट्सबर्गच्या संघाने करारावर घेतले. दोघांनीही त्यापूर्वी बेसबॉल खेळलेला नव्हता. ते खालच्या पायऱ्यांवर खेळले, ट्रिपल-एपर्यंत पोहोचले नाहीत. पण त्यांच्या हातात ते बळ होते, हे कुणीतरी येऊन मोजेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हते. न मोजलेले हात या देशात किती असतील?

आता आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी घाटाच्या अलीकडच्या एका खेड्यात आम्ही ऊसतोड कामगारांच्या बैठकीला गेलो होतो. गावात टेनिस चेंडूची स्पर्धा चालू होती. एक पंधरा वर्षांचा पोरगा धावत यायचा आणि यष्टिरक्षक दोन पावले मागे सरायचा. रात्री त्याच्या बापाने विचारले, “भाऊ, तुम्ही शहरात फिरता म्हून इचारतो. पोरगं खरंच वर जाईल का?” आम्ही छातीवर हात ठेवून सांगितले, “मामा, हा रणजी खेळणार. लिहून ठेवा.”

मामांनी ते मनावर लिहून ठेवले. त्या साली उचल घेतली, पण पोराला उसाच्या फडात नेले नाही. आजीजवळ ठेवले, बूट घेतले, शहरातल्या सरावाचे पैसे भरले. गावाला आपला हिरा सापडला होता. मग काय, या गावाची स्पर्धा, त्या गावाची स्पर्धा, एका रविवारी तीन संघांकडून गोलंदाजी! त्याने किती षटके टाकली ते कुणी मोजले नाही. आम्हीही नाही. फेब्रुवारीत त्याची कंबर धरली. गावात तेल चोळले, आणि पुन्हा खेळवले. शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी सांगितले की मणक्याच्या हाडाला ताणाने चीर गेली आहे. चीर विश्रांतीने भरली, पण तोवर दोन हंगाम आणि घरची उमेद दोन्ही गेले. पोरगा आज ट्रॅक्टर चालवतो, भेटला की हसतो. मामांनी आम्हांला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

तेव्हापासून आम्ही या विषयाचा अभ्यास सुरू केला. वाढत्या वयात कमरेच्या मणक्याला अशी चीर जाणे हे वेगवान गोलंदाजांचे जगभरचे दुखणे आहे. इंग्लंडच्या मंडळाने अनेक वर्षे वापरलेले कोष्टक असे : तेरा वर्षांपर्यंत एका वेळी ५ षटके आणि दिवसात १०, चौदा-पंधराव्या वर्षी ६ आणि १२, त्यापुढे एकोणिसापर्यंत ७ आणि १८. अमेरिकेत १५-१६ वर्षांच्या पिचरने एका दिवसात ७५ हून अधिक चेंडू फेकले तर पुढचे चार दिवस विश्रांती, असे २०१४ पासूनचे मार्गदर्शन आहे. कामगार चळवळीत आम्ही आठ तासांच्या दिवसासाठी भांडतो. पोराच्या कमरेला मात्र कामाचे तास असतात, हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

मग पोहोचणारे पोहोचतात कसे? आमच्या मते त्याला चार गोष्टी लागतात, आणि हाताचे बळ हे केवळ त्यांचे प्रवेशपत्र आहे.

पहिली गोष्ट, शरीर वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत शाबूत राहणे. दुसरी, कुणीतरी पुन्हापुन्हा पाहणे. पालवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबाचे मैदान राखीत आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकीत. रोज पाहिले गेले म्हणूनच त्यांची विद्या लपवता आली नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना नाकारले गेले, आणि ते घरात आले ते १९२३ साली, धाकटे बंधू विठ्ठल यांच्या रूपाने. तिसरी गोष्ट, घराला थांबता येणे. गोदावरीपलीकडच्या श्रीरामपूरहून जहीर खान सतराव्या वर्षी मुंबईला गेले. तिथे नॅशनल क्रिकेट क्लबात सुधीर नाईकांनी त्यांना घेतले, पुढे ते मद्रासच्या त्याच फाउंडेशनमध्ये शिकले. रणजीत त्यांनी पाऊल ठेवले ते बडोद्याकडून, १९९९-२००० साली. मुंबईकडून ते नंतर खेळले. कसोटीत त्यांचे ३११ बळी झाले. आपल्या जिल्ह्याच्या शहरात जन्मलेले इक्बाल सिद्दिकी महाराष्ट्राकडून खेळत वर गेले आणि २००१ साली मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळले. ती एकच.

चौथी गोष्ट, वरची जागा रिकामी असणे. पद्माकर शिवलकरांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले, पण त्यांना एकही कसोटी मिळाली नाही, कारण त्यांच्या काळी डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींकडे होती. यात शिवलकरांचे उणे काय?

या चारांपैकी चौथी गोष्ट आपल्या हाती नाही. पहिल्या तीन पुष्कळशा आपल्या हाती आहेत. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, आणि क्रिकेटचाही. शहरात जेव्हा निवडचाचण्या होतात तेव्हा आपल्या तालुक्यातले कित्येक पोरगे दोन-तीनशे किलोमीटरवर मोळ्या बांधत असतात. निवड समितीच्या कागदावर ‘गैरहजर’ अशीही नोंद होत नाही, कारण नावच माहीत नसते. तेव्हा आमची विनंती साधी आहे. येथल्या शाळांनी, तालमींनी, क्रीडा मंडळांनी मिळून एक वही घालावी. कारखान्यात मस्टर असते तशी. पोराचे नाव, आईला आठवते ती खरी जन्मवेळ, दर आठवड्याला टाकलेली षटके, आणि कुठे दुखते काय. मुलींचीही नावे त्यात असावीत. त्यांच्यासाठी आजवर पान उघडलेलेच नाही. फड उठल्यावर, एप्रिलात, परत आलेल्या पोरांची चाचणी वेगळी घ्यावी आणि एकदा नापास झालेल्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावे. स्पर्धा भरवणाऱ्यांनी एका पोराला एका दिवसात एकाच संघाकडून खेळू द्यावे. कातडी चेंडूंचा एक डबा गावाने वर्गणीतून घ्यावा.

अमेरिकेतल्या शिकाऊ खेळाडूंची एक गोष्ट आम्हांला विशेष भावली. २०२२ साली ते युनियनमध्ये आले, आणि २०२३ च्या पहिल्याच कराराने ट्रिपल-ए खेळाडूचे वर्षाचे किमान वेतन साडेसतरा हजारांवरून ३५,८०० डॉलरवर गेले. त्या करारात, कोण वर पोहोचेल, हा प्रश्नच नव्हता. जो वाटेवर आहे त्याने वाटेवर उपाशी राहू नये, एवढेच मागितले होते.

शंभर पोरांपैकी एकही पोहोचणार नाही, असे जो म्हणेल तो बहुधा बरोबर ठरेल, आणि त्याचा कुणाला उपयोग नसेल. अमुक एक पोहोचेल असे म्हणणाऱ्याने काय होते ते आम्ही सांगितले. आता कुणी मामा आम्हांला विचारतात तेव्हा आम्ही उत्तर देत नाही. उलट विचारतो, “या आठवड्यात किती षटके टाकली त्याने?” आकडा सांगता आला तर तो आमच्या वहीत लिहून घेतो. सांगता आला नाही, तर पुढच्या रविवारी मैदानाच्या कडेला जाऊन बसतो आणि मोजतो.