चौथी सीट आणि आपली मराठी

सकाळी कसाऱ्याहून आलेली लोकल कल्याणजवळच्या शहाडला थांबते, बाकावरचे तिघे न बोलता सरकतात आणि चौथा टेकतो. सरकण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘न बोलता’बद्दल.

जागा आपण नेहमीच दिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत राहिली, आणि 8 ऑगस्ट 1949ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. पुढे सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आला, त्याच्यामागे उत्तरेचे, दक्षिणेचे कामगार आले. कारखानदार बिर्लांनी शहाडला देऊळ बांधलं, ते विठोबाचं! येणारा आपलं काही घ्यायला तयार असतो हो. आपण पुढे करतो का?

भाजीवाल्यानं तोंड उघडण्याआधीच आपलं ‘भैया, कितना?’ सुरू. तो गोरखपूरचा की जालन्याचा, हेही बघत नाही. शहाडच्या पुलाखाली दोन मराठी माणसं हिंदीत घासाघीस करताना मी ऐकली आहेत. आणि घरी येऊन मराठीच्या नावानं उसासे!

दमदाटीनं मराठी वदवून घ्या, असं मी मुळीच म्हणत नाही. धाकानं माणूस गप्प होतो, शिकत नाही. सिंधी भाषेचंच बघा: तिला स्वतःचं राज्य नाही, तरी 1967 साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. स्वतःचं राखून शेजाऱ्याचंही घेता यावं, हेच तर भारतीयपण. पण शेजाऱ्यानं आधी द्यायला हवं ना? लंडनला 1932पासून महाराष्ट्र मंडळ आहे. परदेशात आपली माणसं सुटीच्या दिवशी मराठी शाळा भरवतात. ती हौस इथे पिठाच्या गिरणीवर कुठे जाते?

लोकलच्या त्याच डब्यात भजनी मंडळ असतं. चौथ्या सीटवरचा रोज ऐकतो, मान डोलावतो. एखादे दिवशी त्याच्या हाती टाळ द्या, आठवड्याभरात ठेक्यात येईल. आपण मात्र खिडकीबाहेर बघत बसतो आणि म्हणतो, याला आपलं काही येतच नाही.

म्हणून एवढंच सांगतो: उद्या रिक्षात बसताना पत्ता मराठीत सांगा. नाही कळला तर सावकाश, पुन्हा मराठीतच. तिसऱ्यांदा हिंदीत सांगितलात तरी चालेल.